गाणे आणि हरपलेली वाचा

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संगीताचा मनावर व आरोग्यावर होणारा परिणाम हा विषय चिटणिसांनी मजकडे सोपविला. मी गवई नव्हे आणि वैद्यही नव्हे. म्हणून आमच्या घरी जे घडले, त्याच्याच अनुषंगाने बोलतो.

२०११ साली माझ्या थोरल्या काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. बोललेले त्यांना समजे, पण तोंडून शब्द निघत नसे. आम्ही मात्र त्यांना काहीच कळत नाही असे धरून चाललो. त्रास नको म्हणून रेडिओ बंद केला, मुलींची पेटी माळ्यावर टाकली, आणि त्यांच्या देखत त्यांच्याविषयी नको ते बोललो. त्याची लाज आजही वाटते.

गणेशचतुर्थीस त्यांची खुर्ची मखरासमोर आणली. आरती सुरू झाली आणि काका गाऊ लागले. अडखळत, पण शब्द स्पष्ट! आरती संपली, तो साधे ‘पाणी’ म्हणता येईना. कोणी यास चमत्कार म्हटले. पण १७४५ सालीच स्वीडनमध्ये ओलोफ दालिन यांनी अशा एका रोग्याची नोंद केली आहे. ‘होय’ याखेरीज त्यास बोलता येत नसे, परंतु स्तोत्रे तो गाई. बोलण्याचा कारभार बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूस चालतो. गाण्यास उजवी बाजूही हातभार लावते. ताल आणि मुखोद्गत शब्द यांचाही त्यात वाटा आहे. कोणाचा किती, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

बोस्टन येथील अल्बर्ट, स्पार्क्स व हेल्म यांनी १९७३ साली यावरून एक उपचारपद्धती मांडली. नित्याचे लहानसे वाक्य दोन स्वरांत गाऊन घ्यावयाचे, अक्षरागणिक रोग्याच्या डाव्या हाताने ठेका धरवावयाचा, आणि पुढे हळूहळू सूर सोडवावयाचा. काकांस ‘पाणी द्या’ एवढे साधण्यास चार महिने लागले. फिनलंडमध्ये ६० रोग्यांवर झालेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. दोन महिने रोज आवडीचे संगीत ऐकणाऱ्यांची शब्दस्मृती इतरांहून अधिक सुधारली, औदासीन्यही कमी आढळले. आमची पेटी मग माळ्यावरून खाली आली, हे सांगणे नलगे.

अमुक रागाने अमुक व्याधी हटते अशी कोष्टके हल्ली घरोघर फिरतात. तानसेनाच्या दीपकाने दिवे लागले, त्या कथेहून त्यांना अधिक आधार नाही. झटका आला त्या क्षणी तर गाणे नव्हे, रुग्णालय! रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतात.

काकांचे बोलणे पूर्ववत कधीच झाले नाही. आठ-दहा वाक्ये आली, तीही सुरातच. त्यांतले एक काकूंचे नाव होते. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी ते चारचौघांत कधी उच्चारले नव्हते. आता दिवसातून दहादा गाऊन हाक मारीत, आणि काकू ‘आले हो’ म्हणत पदर सावरून बाहेर येत.