आकडा कुणी कुणाला दाखवायचा?

(बारामतीत तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, मला विषय दिला होता 'तरुण आणि मोबाईल'. त्यावर घरात रोज प्रवचन होतंच, त्यात माझी भर नको. शिवाय पस्तिशीला आलो तरी रात्री तासभर मीही गेम खेळतो, म्हणजे उपदेशाचा अधिकारही नाही. म्हणून एकाच प्रश्नावर बोलतो. ऑनलाइन गेममध्ये आपल्या नावापुढे कामगिरीचा आकडा असतो. तो इतरांना दिसावा का?

इथे काही पालक बसले आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चार-चार जणांच्या टीमच्या नेमबाजीच्या गेममध्ये 'केडी' नावाचा आकडा असतो. किती जणांना टिपलं, भागिले स्वतः किती वेळा बाद झालो. तीस जणांना टिपलं आणि दहा वेळा बाद झालो, तर केडी तीन. हा आकडा प्रोफाइलवर दिसतो आणि अनोळखी माणूसही तो बघू शकतो.

आता घरची गोष्ट. माझ्या खालाचा मुलगा इंदापूरला राहतो, बारावीत आहे. गेमचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. त्याचा केडी एकच्या आसपास होता. रात्री टीम शोधायला गेला की समोरचे प्रोफाइल उघडायचे आणि एक शब्द न बोलता त्याला बाहेर काढायचे. त्याने काय केलं? खालाने भिशीचे चार हजार रुपये कपाटात ठेवले होते. ते घेतले आणि चांगल्या केडीची आयडी कुणाकडून तरी विकत घेतली. दोन दिवसांनी विकणाऱ्याने पासवर्ड बदलला. आयडी गेली, पैसेही गेले. खाला शिवणकाम करते. चार हजार म्हणजे किती ब्लाउज, हिशेब तुम्हीच करा.

मी रागावून इंदापूरला गेलो. त्याला विचारलं, "इतकं काय अडलं होतं?" तो म्हणाला, "भाईजान, तुमच्याच ग्रुपमध्ये यायचं होतं. तिथे लिहिलंय, दोनच्या खाली नको."

तो नियम मी लिहिला होता.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. सरळ उत्तर असं की आकडे काढूनच टाका. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते आधी सांगतो.

आपल्यापैकी कितीजणांनी पुण्यात भाड्याने खोली शोधली आहे? फोनवर सगळं ठरतं, मग नाव विचारतात, मग खोली 'कालच गेली' असते. अशा ठिकाणी आकड्याची किंमत कळते. आकडा आडनाव विचारत नाही. इंदापूरच्या पोराकडे क्लब नाही, कोच नाही, ओळख नाही. मुलींचं तर विचारूच नका. "तुला काय खेळता येणार" असं म्हणणाऱ्याला ती मुलगी फक्त आपला आकडा दाखवू शकते. तो तिच्या हातून काढून घेतला, तर निवड पुन्हा ओळखीवर आणि आवाजावर होणार.

बुद्धिबळात हे उघडपणे चालतं. जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये अर्पाद एलो यांची रेटिंग पद्धत स्वीकारली. आज नागपूरच्या दिव्या देशमुखचं रेटिंग कुणीही बघू शकतं, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. याची दोन कारणं आहेत. एक, तो आकडा फक्त हार-जीत आणि बरोबरीतून येतो. तो वाढवायचा तर जिंकावं लागतं किंवा आपल्याहून वरच्या रेटिंगच्या खेळाडूशी बरोबरी साधावी लागते, दुसरी पळवाट नाही. दोन, पटावर तुम्ही एकटे असता. आणि आकडा कमी म्हणून कुणी डाव सुरू व्हायच्या आधी उठून जात नाही. २०२५ च्या जुलैमध्ये बाटुमीला महिला विश्वचषक सुरू झाला, तेव्हा दिव्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून ती विश्वचषक आणि ग्रँडमास्टर किताब दोन्ही घेऊन आली. कागद बघून आधीच बाजूला केलं असतं तर?

केडीत या दोन्ही गोष्टी नाहीत. चौघांच्या टीममध्ये एकजण जखमी होऊन पडला, तर त्याला उठवायला जाणं धोक्याचं असतं. जो जातो तो बऱ्याचदा स्वतः बाद होतो, आणि त्याचा केडी घसरतो. जो झुडपात लपून राहतो त्याचा टिकतो. म्हणजे टीमसाठी जो धावला त्याचाच आकडा वाईट, आणि पुढच्या रात्री बाहेर काढतात तेही त्यालाच.

आपल्याकडच्या टेनिस बॉल स्पर्धांतही हे दिसतं. आता गावोगाव क्रिकहिरोजसारख्या ॲपवर स्कोअर लिहितात, मला ते आवडतं. गावातल्या पोराला आपल्या धावा आयुष्यभर जपून ठेवता येतात. पण सीमारेषेवर झेप घेऊन ज्याने तीन धावा वाचवल्या, त्याचा रकाना कुठे असतो? मैदानावरच्या दहाजणांनी ते पाहिलेलं असतं म्हणून तो पुढच्या रविवारीही टीममध्ये असतो. ऑनलाइन अनोळखी लोकांत पाहणारं कुणी नसतं, फक्त रकाना असतो.

माझ्या कामातही हे मी पाहिलंय. एका ठिकाणी आम्ही प्रत्येकाने आठवड्यात किती तक्रारी निकाली काढल्या, याचा फलक स्क्रीनवर लावला. महिन्याभरात आकडे छान वाढले. मग लक्षात आलं की लोक एका तक्रारीच्या तीन करून बंद करत होते, आणि अवघड तक्रारींना कुणी हात लावत नव्हतं. नवीन मुलांना शिकवायला वेळ देणारी आमची सहकारी यादीत सगळ्यात खाली होती. तो फलक बनवणाऱ्यांत मीही होतो.

मग करायचं काय? गेम बनवणाऱ्यांनी यावर उपाय करून पाहिले आहेत. ओव्हरवॉचने २०१८ मध्ये खेळाडूलाच ठरवू दिलं, की आपलं प्रोफाइल सगळ्यांना दिसावं, फक्त मित्रांना, की कुणालाच नाही. लीग ऑफ लेजंड्समध्ये लोक टीम जमताच सोबत्यांचा इतिहास बाहेरच्या वेबसाइटवर शोधायचे आणि सामना सुरू व्हायच्या आत निघून जायचे. २०२२ मध्ये कंपनीने रँकच्या सामन्यांत त्या टप्प्यावर सोबत्यांची नावंच झाकली. तुल्यबळ खेळाडू शोधायला सर्व्हरला तुमचा आकडा लागतो, हे खरं. पण सर्व्हरला माहीत असणं आणि गल्लीत फलक लावणं, यात फरक आहे.

माझं म्हणणं तीन वाक्यांत सांगतो. माझा आकडा मला पूर्ण दिसावा, कारण त्यावरूनच मी सुधारतो. दुसऱ्याला तो मी दाखवला तरच दिसावा, आणि सेटिंग सुरुवातीपासून बंद असावं. आणि दाखवायचाच असेल, तर किती जणांना उठवलं तेही केडीइतक्याच मोठ्या अक्षरात दाखवावं.

यावर लगेच प्रश्न येईल: जो लपवेल त्याला 'कच्चा' समजून काढतीलच ना? काढतील काहीजण. पण सुरुवातीपासून सगळ्यांचंच बंद असेल, तर न दाखवण्याचा अर्थ कच्चा असा उरत नाही. नोकरीला जाताना आपण मार्कशीट नेतो, पण रस्त्याने ती गळ्यात अडकवून फिरत नाही.

कायद्याकडूनही फार अपेक्षा नको. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो. पण तुमचा केडी अनोळखी पोरांना दाखवायचा की नाही, ही गोष्ट शेवटी कुणा इंजिनिअरच्या टेबलावर ठरते. इथे बसलेल्यांपैकी काहीजण उद्या त्या टेबलावर असतील. तेव्हा इंदापूरचा हा मुलगा आठवा.

तोवर आपल्या हातात आपापला ग्रुप आहे. आमच्या ग्रुपचा नियम मी पुसला. आता लिहिलंय, 'आधी दोन सामने एकत्र खेळू, मग ठरवू.' भाऊ खेळायला आला. नेम अजूनही यथातथाच आहे. पण पहिल्याच रात्री मी पडलो, तेव्हा उठवायला तोच धावत आला, आणि स्वतः बाद झाला. त्याचा केडी आणखी घसरला असणार. मी बघितला नाही.

भिशीचे चार हजार तो सुट्टीत काम करून खालाला परत करतोय. त्यातले अर्धे मी देतोय. नियम माझा होता.