रक्ततपासणीचा कागद



आरोग्यावर चार शब्द बोलावे अशी चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली. आमचा व्यवसाय रक्त तपासण्याचा, म्हणून बोलणेही त्याविषयीच. निमित्त मात्र आपल्यातीलच आहे, आणि संबंधित कुटुंबाच्या संमतीने ते येथे सांगत आहोत. गेल्या वर्षी एका घरचे ठरलेले लग्न मोडले. मुलाची पाठ धरत असे, तपासणीत 'एच.एल.ए.-बी २७' हा घटक आढळला, आणि तो कागद वधूपक्षाच्या हाती पडला. पत्रिकेतील मंगळाची जागा आता या कागदाने घेतली की काय, असे आमच्या मनात आले.

हा घटक म्हणजे रोग नव्हे. मातापित्यांकडून आलेली ती पेशींवरील एक खूण आहे. कण्याच्या दाहक संधिवाताशी तिचा संबंध १९७३ साली लंडन व लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखविला. या रोग्यांपैकी बहुसंख्यांत ती सापडते हे खरे. परंतु खूण असलेल्या शंभरांतील नव्वदांहून अधिक माणसांना हा रोग कधीच होत नाही. उलट, खूण नसतानाही रोग झालेले आहेत. तेव्हा आधी लक्षणे पाहावीत. चाळिशीच्या आत सुरू होऊन तीन महिन्यांहून अधिक टिकलेले कंबरेचे दुखणे, उत्तररात्री जागे करणारा ठणका, सकाळी अर्धा तास आखडलेली पाठ, आणि विश्रांतीने नव्हे तर हिंडण्याफिरण्याने मिळणारा आराम. ई.एस.आर. किंवा सी.आर.पी. ठीक आले म्हणून अशा तरुणास निर्धास्त करू नये. कित्येक रोग्यांत ते आकडे वाढतच नाहीत. आपल्याकडे मात्र उसण भरली म्हणून वर्षानुवर्षे मलमे चोळली जातात, आणि तोवर कित्येकांचे मणके एकमेकांस जुळू लागतात.

यकृताच्या कर्करोगाची कथा निराळी. कागद वाचण्यातील चूक तीच. १९६३ साली मॉस्कोत आबेलेव्ह यांना यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात गर्भावस्थेतील एक प्रथिन आढळले. पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांनी ते रोगी माणसांच्या रक्तात दाखविले. हेच अल्फा-फीटोप्रोटीन. ते गरोदरपणात वाढते, यकृतदाहातही वाढते. आणि गाठ लहान असता पुष्कळदा मुळीच वाढत नाही. म्हणून ज्यांचे यकृत व्रणांनी कठीण झाले आहे, त्यांनी केवळ या आकड्यावर न विसंबता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी.

"आमच्या घरात दारूचा थेंब नाही," हे वाक्य आम्ही मोठ्या अभिमानाने उच्चारलेले ऐकतो. अभिमान योग्यच. पण सुटलेले पोट आणि मधुमेह यांनीही यकृतात चरबी साठते, दाह होतो, व्रण पडतात, आणि त्यातून काहींना कर्करोग होतो. एस.जी.पी.टी. ठीक असतानाही हे आत चालू असू शकते. आपल्या सणासुदीच्या पंगतींविषयी येथे अधिक बोललो तर आजच्या भोजनाचे व्यवस्थापक रागावतील! दुसरे कारण बी-प्रकारची कावीळ. ती प्रसूतीच्या वेळी आईकडून मुलाकडे जाऊ शकते. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना तिची लस देण्यास आरंभ केला, आणि पुढे तेथील मुलांत यकृताचा कर्करोग स्पष्टपणे घटला.

हे दोन रोग एके ठिकाणी भेटतातही. कण्याच्या संधिवातावरील टी.एन.एफ.-रोधक इंजेक्शनांमुळे सुप्त असलेली बी-कावीळ किंवा क्षय जागा होण्याची भीती असते. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी दोहोंची तपासणी झालीच पाहिजे. रोग्याने ती स्वतः मागून घेण्यात संकोच करू नये.

त्या मुलाची तशी तपासणी झाली व उपचार सुरू झाले. आता तो रोज पोहतो आणि कामावर जातो. त्याची पाठ कशी आहे, हे मात्र वधूपक्षाकडून कोणी विचारावयास आले नाही.

भोजनोत्तर आम्ही मागील दालनात बसणार आहोत. ज्यांना रिपोर्ट दाखवावयाचे असतील त्यांनी नव्याबरोबर जुनेही आणावेत, आणि शक्य तर रोग्यालाही आणावे.