नळी मिळते, सॉकेट मिळत नाही

(भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

चामोर्शीहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्यांनी जुन्या आकडेवाल्या नळ्या, म्हणजे निक्सी ट्यूब, ऑनलाइन मागवल्या. सहा नळ्या नीट पोहोचल्या. आता घड्याळ करायचं तर त्या बसवायच्या कशात? सॉकेटसाठी गडचिरोलीत विचारलं, चंद्रपुरात विचारलं, नागपूरला सीताबर्डीत दोन दुकानं फिरले. सगळीकडे एकच उत्तर : "हे कायचं हाये, दादा?"

ज्यांनी निक्सी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काचेची बंद नळी, आत निऑन वायू, आणि शून्य ते नऊ असे तारेचे दहा आकडे एकामागे एक उभे. ज्या आकड्याला वीज द्याल त्याच्याभोवती नारिंगी प्रकाश पडतो. अमेरिकेतल्या बरोज कंपनीने १९५५ मध्ये ती बाजारात आणली. पुढे एलईडी आले आणि ती मागे पडली. आज हौशी लोकांकडे दिसतात त्यातल्या पुष्कळशा सोव्हिएत काळातल्या, आयएन-१२, आयएन-१४ अशा नावांच्या.

मग नळी मिळते आणि सॉकेट का मिळत नाही? नळी ही सुटा भाग होती. उडाली की बदलायची म्हणून कारखान्यांनी, लष्कराने, प्रयोगशाळांनी खोक्यात भरून ठेवली. यंत्रं गेली, खोकी राहिली. सॉकेट मात्र यंत्रातच सोल्डर मारून पक्का बसवलेला असायचा. यंत्र भंगारात गेलं की तोही गेला. सॉकेट कोण कशाला साठवून ठेवणार?

म्हणून माझं म्हणणं असं की दुकानात जाऊन "निक्सीचा सॉकेट द्या" म्हणूच नका. त्या नावाने काही मिळणार नाही. आधी नळी उलटी करा आणि तीन गोष्टी बघा. पिना किती आहेत, एक पिन किती जाड आहे, आणि पिनांचा गोल केवढा आहे. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम. मग स्वतःला विचारा, अशी पिन आणखी कुठल्या वस्तूत वापरतात? ती वस्तू ज्या दुकानात मिळते तिथे जायचं. ते दुकान बहुतेक वेळा रेडिओचं नसतं.

आणि इथे आपला जिल्हा कामाला येतो.

निक्सीची एक मावशी आहे म्हणा, मॅजिक आय. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत हिरवा डोळा असायचा. स्टेशन नीट लागलं की त्यातली सावली मिटत जायची. आकाशवाणी नागपूर सुरू झालं १९४८ मध्ये. त्यानंतरच्या काळातले असे रेडिओ आजही आपल्याकडे एखाद्या वाड्याच्या माळ्यावर सापडतात. त्यातली एक नळी म्हणजे ईएम-३४. हिला खाली आठ पिना आणि मधोमध एक जाड खुंटी, खुंटीला एका बाजूला उंचवटा. या बैठकीला ऑक्टल म्हणतात. १९३५ पासून जगभर चाललेली बैठक आहे ही.

आता चंद्रपुरातल्या कुठल्याही बऱ्यापैकी इलेक्ट्रिकल दुकानात जा आणि "आठ पिनचा रिले बेस" मागा. दुकानदार उलट विचारेल, "कोणत्या पॅनलसाठी पायजे?" बस. तोच तुमचा सॉकेट. कंट्रोल पॅनलमध्ये जे प्लग-इन रिले आणि टायमर लागतात, त्यांनी हीच ऑक्टल बैठक व्हॉल्व्हच्या जमान्यातून उचलली आणि अजून सोडलेली नाही. आठ पिना, मधली खुंटी, खुंटीचा उंचवटा, सगळं तेच. आपल्याकडे ऊर्जानगरचं वीज केंद्र आहे, वेकोलिच्या खाणी आहेत, बल्लारपूरची पेपर मिल आहे, सिमेंटचे कारखाने आहेत. पॅनल वायरिंगचं सामान ठेवणारी दुकानं इथे असणारच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन शोधायची वस्तू तुमच्या गावातल्या मोटर-स्टार्टरवाल्याकडे पडलेली असू शकते.

यातली एक गंमत मला फार आवडते. आठ पिनच्या रिलेमध्ये कॉइल साधारणपणे २ आणि ७ नंबरच्या पिनेवर असते. ईएम-३४ मध्ये हीटर, म्हणजे तापणारी तार, तीही २ आणि ७ वरच! रिले बेसच्या स्क्रूशेजारी नंबर छापलेले असतात, त्यामुळे नळी उलटी धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पिना मोजायची कसरत वाचते. स्क्रू आवळला की झालं, सोल्डरचीसुद्धा गरज नाही.

पण थांबा, तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे अकरा पिनचाही रिले बेस मिळतो. लांबून सारखाच दिसतो, त्यात ही नळी बसत नाही. मोजून घ्या. दुसरं, सगळे हिरवे डोळे ऑक्टल नसतात. अमेरिकन ६ई५ ला सहाच पिना असतात, आणि तिच्याच नावाची सोव्हिएत ६ई५एस मात्र ऑक्टल असते. नावावर जाऊ नका, बूड बघा. तिसरं म्हणजे जुन्या पॅनलमधून काढलेला बेस असेल तर त्यातले सगळे वायरचे तुकडे आधी काढून टाका. बॅकेलाइटवर काळा जळका माग दिसला तर तो बेस फेकून द्या. तो माग म्हणजे कोळसा, आणि कोळशातून वीज वाहते. मग नळी न लावता हीटरचा पुरवठा जोडा आणि मल्टिमीटरने २ आणि ७ मध्ये व्होल्टेज बघा. ६.३ च्या आसपास आलं तरच नळी लावायची. तिथे चुकून २३० पोहोचले तर नळी एका क्षणात जाईल, आणि तशी दुसरी मिळेलच असं नाही.

ईएम-८४ नावाची बारीक उभी नळी असेल तर तिला नऊ पिनची नोव्हल बैठक लागते. गिटारचे आणि गाण्यांचे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आजही बनतात, त्यांत हीच बैठक असते, म्हणून ते सॉकेट नवे-कोरे ऑनलाइन मिळतात. त्यात विशेष बोलण्यासारखं काही नाही.

आता चामोर्शीच्या निक्सीकडे. त्यांच्याकडे आयएन-१२ आहे. तिचा मूळ सोव्हिएत सॉकेट कधी कधी नळीसोबत विकतात. मागवतानाच विचारलं तर सगळ्यात बरं. पण नळ्या येऊन पडल्यात, तर काय? आयएन-१२ ची पिन साधारण एक मिलिमीटर जाडीची. एवढीच पिन कशात असते? जुन्या कॉम्प्युटरला मागे प्रिंटर जोडायचा तो पंचवीस पिनचा डी आकाराचा कनेक्टर आठवतो? तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाही नसेल! त्याच्या फिमेल बाजूच्या आतल्या पितळी नळकांड्या एक मिलिमीटरची पिन घट्ट धरतात. सोल्डर करायचा फिमेल कनेक्टर घ्या, प्लास्टिक पकडीने हळूहळू तोडा, पंचवीस संपर्क हातात येतात. एका आयएन-१२ ला बारा लागतात. म्हणजे एका कनेक्टरमध्ये दोन नळ्या, वर एक शिल्लक. सगळे तोडण्याआधी एक संपर्क काढून पिनेवर घालून बघा. सैल वाटला किंवा जोर लावावा लागला तर तो कनेक्टर आपल्या कामाचा नाही.

बसवायची रीत महत्त्वाची. संपर्क आधी पीसीबीत पक्के करून मग नळी दाबली, तर एखादा तिरका संपर्क पिनेवर ताण देतो. पिन जिथे काचेत शिरते तिथे बारीक तडा जातो, हवा आत जाते, नळी संपली. म्हणून उलटं करा. बाराही संपर्क आधी नळीच्या पिनांवर चढवा, मग ते सगळे एकदम पीसीबीच्या थोड्या मोठ्या भोकांत उतरवा, आणि मग खालून सोल्डर मारा. एक पाय झाला की समोरचा घ्या, मध्ये थांबा, काच तापू देऊ नका. बंद पडलेली एखादी आयएन-१२ कोणी फुकट दिली तर नक्की घ्या. साचा म्हणून ती वापरायची, चांगली नळी सोल्डरच्या जवळसुद्धा आणायची नाही.

मग सरळ पिनेलाच वायर सोल्डर केली तर? होतं. अनेक जण करतात. पण नळी बदलताना बारा डाग सोडवायचे, प्रत्येक वेळी काचेला शेक. मला ते पटत नाही. आयएन-१४ ला मात्र पिना नसून लांब तारा असतात, ती सोल्डर करण्यासाठीच बनवलेली आहे. तिथे सॉकेटचा हट्ट नको.

एकाने विचारलं होतं, बांबूचा सॉकेट करू का? आपल्याकडे बांबूचं काम सुंदर होतं, चिचपल्लीला तर त्याचं प्रशिक्षण केंद्रच आहे. घड्याळाची पेटी बांबूची करा, झकास दिसेल. पण पिना धरायला बांबू नको. निक्सी पेटायला १७० व्होल्टच्या आसपास लागतात आणि पावसाळ्यात बांबू ओल धरतो. पिना धरायला पीसीबीचा फायबरचाच तुकडा हवा. आणि या १७० व्होल्टला गंमत समजू नका. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ती शिल्लक राहते. रेझिस्टर लावून ती उतरवा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. शाळेतली मुलं ऐकत असतील तर घरातलं मोठं माणूस शेजारी असू द्या.

आणखी एक. बल्लारशाहहून एकाच रेल्वेमार्गाने वर दिल्लीचं लजपतराय मार्केट आणि खाली चेन्नईची रिची स्ट्रीट, असे दोन मोठे इलेक्ट्रॉनिक बाजार गाठता येतात. घरातलं कोणी परीक्षेला, कामाला तिकडे जात असेल तर "सॉकेट आण" एवढंच सांगून पाठवू नका. नळीच्या बुडाचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला, त्यांच्या फोनमध्ये टाका.

चामोर्शीच्या दादांनी पहिली नळी बसवली की मला फोटो पाठवायचा आहे. पुढच्या भागात बारा व्होल्टच्या अडॅप्टरवरून एकशे सत्तर कसे काढायचे ते बघू. तोवर कोणाला ऑक्टल, नोव्हल आणि आयएन-१२ सोडून वेगळीच बैठक सापडली असेल, तर मोजपट्टीसकट फोटो येऊ द्या.