कामगारावर गुन्ह्याचा आरोप : मालकाची चौकशी की पोलिसांचा तपास?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कारखान्यात चोरी झाली किंवा कचेरीच्या रोकडीत तूट आली, तर मालकाने स्वतः चौकशी करावी की पोलिसांकडे जावे, हा प्रश्न युनियनपुढे वारंवार येतो. कामगाराची भाकरी आणि अब्रू दोन्ही त्यावर अवलंबून असतात. म्हणून या प्रश्नाकडे केवळ वकिलाच्या नव्हे, तर वर्गीय दृष्टीने पाहिले पाहिजे.

प्रारंभीच स्पष्ट करतो की, आपण चोरीचे समर्थन करीत नाही. कामगारांच्या पतपेढीतला पैसा लाटणारा आपला नव्हे. प्रश्न आहे तो आरोप सिद्ध कोणी करावा आणि कोणत्या नियमांनी, हा.

गुन्हा ही राज्याच्या कायद्याची बाब आहे. गैरवर्तन ही नोकरीच्या शर्तींची. एकच घटना दोन्ही असू शकते. फौजदारी न्यायालयात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. खात्यांतर्गत चौकशीत मात्र शक्यतेचे पारडे कोठे झुकते एवढेच पाहतात. तेथे चौकशी अधिकारी नेमतो मालक, साक्षीदार बहुधा मालकाच्या पगारावरचे, आणि शिक्षा देणाराही मालकच. १९६० साली दिल्ली क्लॉथ मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, फौजदारी निकालासाठी मालकाने थांबलेच पाहिजे असे नाही. मात्र आरोप गंभीर किंवा गुंतागुंतीचा असेल तर थांबणे इष्ट.

मालक थांबला नाही तर काय होते, हे कोलारच्या सोन्याच्या खाणीतील प्रकरणावरून कळते. जून १९८५ मध्ये भारत गोल्ड माइन्सच्या एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरावर पोलिसांनी छापा घातला. साडेचार ग्रॅम सोने आणि १२७६ ग्रॅम सुवर्णमिश्रित वाळू सापडल्याचे सांगण्यात आले. खटला आणि चौकशी दोन्ही सुरू झाली. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता मिळाला नाही. केरळातील आपल्या गावाहून चौकशीला येण्यापुरता पैसाही त्याच्याजवळ नव्हता. चौकशी एकतर्फी उरकली आणि जून १९८६ मध्ये तो बडतर्फ झाला. फेब्रुवारी १९८७ मध्ये फौजदारी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, कारण छापा आणि जप्तीच सिद्ध झाली नाही. तरीही व्यवस्थापनाने त्याला कामावर घेतले नाही. अखेर १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत घेण्याचा आदेश दिला. निलंबनापासून जवळजवळ चौदा वर्षे गेली होती. अधिकाऱ्याची ही गत, तर ज्याला गेटवरच ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणतात त्या कंत्राटी मजुराची काय?

मग पोलीस निःपक्षपाती आहेत काय? संपाच्या काळात त्यांची लाठी कोणावर पडते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा भ्रम राहणार नाही. तरीही कायद्याने काही बंधने पोलिसांवर घातली आहेत. पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. अटकेनंतर, प्रवासाचा वेळ वगळता, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. वकिलाचा हक्क आहे. मॅनेजरच्या केबिनमध्ये यातले काहीच नसते. तेथे पोलिसांची भीती घालून राजीनामा किंवा ‘कबुलीजबाब’ लिहून घेतात. हाच सर्वांत धोक्याचा प्रकार आहे. कारण त्यात चौकशीही नसते आणि तपासही नसतो.

आता दुसरी बाजू पाहा. कामगाराच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापून तो न भरणे हा कायद्याने फौजदारी विश्वासघात आहे. पण तेव्हा मालक ‘हिशेबाची चूक’ म्हणतो! स्त्री कामगाराची छेड काढणारा वरिष्ठ असला की प्रकरण ‘अंतर्गत’ ठरते. १९९७ च्या विशाखा निर्णयाने आणि २०१३ च्या कायद्याने मालकावर जबाबदारी टाकली आहे : तिची इच्छा असेल तर फौजदारी तक्रारीसाठी त्याने साहाय्य केलेच पाहिजे. म्हणजे मालकवर्गाचे गुन्हे चार भिंतींत, आणि कामगारावरचा संशय पोलीस चौकीत, हा खरा दुटप्पीपणा आहे.

त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ३०० पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना स्थायी आदेशांच्या सक्तीबाहेर काढल्या. १९४६ च्या कायद्यात ही मर्यादा १०० होती. जेथे लेखी नियम उरत नाही, तेथे संघटनेलाच पहारा करावा लागेल.

म्हणून आपली भूमिका अशी असावी : गुन्ह्याचा आरोप असेल तर मालकाने लेखी फिर्याद द्यावी, धमकी नव्हे. त्याच घटनेवरील चौकशी खटल्याच्या निकालापर्यंत थांबवावी आणि तोवर निर्वाह भत्ता दरमहा द्यावा. किरकोळ गैरवर्तनाची चौकशी कारखान्यात व्हावी, पण कामगाराचा प्रतिनिधी शेजारी बसवूनच. बंद केबिनमध्ये कोणीही कशावरही सही करू नये. आणि हाच कायदा मालकालाही लागू व्हावा.

एकटा कामगार केबिनमध्ये हरतो. त्याला एकटे न सोडणे, हे युनियनचे पहिले काम आहे.