कळमन्याच्या मुलांचे क्रीडांगण

नागपूरच्या पूर्व अंगास असलेल्या कळमन्याचे नाव निघताच आपणांस तेथील बाजार आठवेल. धान्याच्या, मिरचीच्या, संत्र्यांच्या राशी आणि मालमोटारींची रीघ! परंतु ज्यांच्या पाठीवरून हा माल उतरतो, त्यांची मुले कोठे खेळतात, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. घर एका खोलीचे, गल्ली अरुंद. मग उरतो तो रस्ता, आणि रस्ता तर मालमोटारींचा.

यावर आपला नेहमीचा उपाय म्हणजे कुंपण घालून एक लोखंडी घसरगुंडी उभी करणे. नागपूरच्या वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला की तिचा तवा होतो. शिवाय ती मुलांस एकच गोष्ट करू देते: चढावे आणि घसरावे. खेळ म्हणजे एवढेच काय?

१९४३ साली, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असता, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात सोरेन्सन नामक उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून एक निराळे क्रीडांगण झाले. तेथे मुलांस तयार खेळणी दिली नाहीत. फळ्या, विटा व अवजारे दिली. मुलांनी हवे ते बांधले, मोडले, पुन्हा बांधले. आपल्या नागपुरातही २००१ साली क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली, आणि त्यांतूनच ‘स्लम सॉकर’ ही चळवळ उभी राहिली. खेळ आधीच तेथे होता. तो ओळखणारी दृष्टी हवी होती.

कळमन्यात साहित्याची वाण नाही. मोटारींचे जुने टायर अर्धे पुरावेत. तार बाहेर आलेले मात्र वर्ज्य करावेत, आणि पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून त्यांस भोके पाडावीत. झोपाळ्याखाली वाळू, वर कडुनिंबाची सावली, कडेला आयांस बसावयास कट्टा असावा. आईची नजर असेल तर मुलीही निःशंक येतील. आट्यापाट्यांस तर चुन्याच्या रेघांपलीकडे काहीच लागत नाही. मात्र आराखडा काढण्यापूर्वी मुलांसच विचारावे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेस मैदान आवश्यक ठरविले आहे. शाळा सुटल्यावर त्या मैदानास कुलूप का असावे? संध्याकाळचे दोन तास ते वस्तीच्या मुलांस खुले करावे, एवढा आग्रह आपण सुशिक्षितांनी धरला, तरी पुष्कळ मुले रस्त्यावरून मैदानात येतील. त्यास पैसा थोडाच लागेल. किल्लीची जबाबदारी घेणारा एक माणूस मात्र लागेल. तो आपल्यापैकीच कोणी का नसावा?