विसाव्याची गाणी

आज बचत आणि हप्ता बाजूला ठेवू. आज गाण्यांबद्दल बोलू या, माणूस गेल्यावर गायच्या गाण्यांबद्दल.

तीन वर्षांपूर्वी माझी आई गेली. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, रात्री भजनी मंडळ यायचं. चौदाव्या दिवशी उसनी आणलेली पातेली परत करून आले, तर घर खायला उठलं. तेव्हा आपल्या रेडिओ केंद्रातल्या एका ताईंनी हेडफोन लावून मला एक संगीत ऐकवलं. त्याला रेक्विएम म्हणतात.

कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या चर्चमधल्या मुख्य उपासनेला मिस्सा म्हणतात. मृतांसाठीच्या मिस्सेची लॅटिन प्रार्थना ‘विसावा’ अशा अर्थाच्या शब्दानं सुरू होते. तोच शब्द रेक्विएम. प्रार्थना जुनी, पण संगीतकारांनी तिला आपापल्या चाली लावल्या. एकच अभंग गावोगावी निराळ्या चालीत ऐकू येतो ना, तसं. मी चौघांचे रेक्विएम ऐकले.

पहिला व्हिएन्नाच्या मोझार्टचा. एका सरदाराची तरुण बायको वारली होती. त्यानं स्वतःचं नाव लपवून हे काम दिलं, काही पैसे आगाऊ दिले. काम अर्धवट असतानाच, डिसेंबर 1791 मध्ये, मोझार्ट वयाच्या 35 व्या वर्षी गेला. मागे 29 वर्षांची बायको कॉन्स्टान्झ, दोन लहान मुलं आणि कर्ज. काम पुरं झालं नाही तर उरलेले पैसे बुडणार. तिनं ते नवऱ्याच्या ओळखीतल्या तरुण संगीतकाराकडून, झ्युसमायरकडून, पुरं करून घेतलं. पुढे बादशहाकडे अर्ज करून पेन्शन मिळवली, नवऱ्याच्या संगीताचे कार्यक्रम केले, कर्ज फेडलं. ऐकताना मला त्या सुरांमागे हिचीच धडपड दिसते.

दुसरा इटलीच्या व्हेर्दीचा. मांझोनी या मोठ्या लेखकाच्या पहिल्या वर्षश्राद्धाला, 22 मे 1874 रोजी, तो मिलान शहरातल्या चर्चमध्ये गायला गेला. त्यात गायिका होत्या, म्हणून खास परवानगी काढावी लागली. देवाच्या न्यायाचा दिवस येतो तिथे मोठा ढोल असा बडवतात की छातीत धडकी भरते. आपल्याकडे बाया हंबरडा फोडतात, तसं हे दुःख आहे.

तिसरा फ्रान्सच्या फोरेचा. त्याचे वडील 1885 मध्ये आणि आई 1887 च्या शेवटी गेली. 1888 मध्ये त्याचा रेक्विएम पॅरिसच्या चर्चमध्ये पहिल्यांदा झाला. न्यायाच्या दिवसाचा भीतीचा भाग त्यानं जवळजवळ गाळूनच टाकला. मधे एका लहान मुलाचा आवाज एकटाच गातो. ऐकताना अंगाई आठवते.

चौथा जर्मनीच्या ब्राह्म्सचा. त्याची आई 1865 मध्ये गेली. त्यानं लॅटिन प्रार्थना घेतलीच नाही. बायबलमधली वचनं स्वतः निवडली, तीही आपल्या मायबोलीत, जर्मनमध्ये. त्याची सुरुवात मेलेल्यापासून होत नाही, मागे रडत राहिलेल्यांपासून होते. 1868 मध्ये तो ब्रेमेन गावात गायला गेला. त्यानंतर त्यानं आणखी एक भाग जोडला. त्यात एक बाई गाते आणि आई लेकराला समजावते तसं सांत्वन करते. जर्मन मला कळत नाही. ताईंनी अर्थ सांगितला आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा मी पोटभर रडले.

कॉन्स्टान्झचं मला कौतुक आहे, व्हेर्दीचा ढोल आवडतो, फोरे रात्री ऐकावासा वाटतो. पण एकच ठेव म्हणाल, तर मी ब्राह्म्सचा ठेवीन. गेलेल्याला विसावा मिळो, हे सगळेच मागतात. राहिलेल्याला कोण विचारतं?

हे मी स्वतःलाही विचारलं. गटातल्या कुणाचा नवरा गेला की आपण तेराव्याला जातो, त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकलतो. मग थेट बैठकीतच भेट. मीसुद्धा अशा घरी नंतर गेले ती पासबुक घेऊनच.

म्हणून आमच्या गटात आता ठरलं आहे. चौदाव्या दिवशी दोघी जणी जायचं. पासबुक न्यायचं नाही. तिला बोलायचं असेल तर ऐकायचं, नसेल तर नुसतं बसायचं. पुढे तिची तयारी झाली की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला सोबत जायचं.

तुमच्या गटातही करून बघा. येते मी. नमस्कार.