घरच्या ध्वनिमुद्रणासाठी गिटारचा मॉडेलर



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, अर्थकारण, आरोग्य असे विषय आपण नेहमी ऐकता. त्यांच्या पंगतीला गिटारचे एक यंत्र आणून बसवावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु त्याला कारण आहे. दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी मुलेमुली हल्ली पुष्कळ दिसतात. वाजवलेले ध्वनिमुद्रित करावे, चार जणांना ऐकवावे, ही त्यांची साहजिक इच्छा असते. आईबाप पदरमोड करून यंत्र घेऊन देतात आणि पुष्कळदा ते सहा महिन्यांत कपाटावर जाऊन पडते. यंत्र वाईट असते असे नाही. घेताना भलताच प्रश्न विचारलेला असतो. आमचे पहिले यंत्रही असेच कपाटावर गेले. तेव्हा योग्य प्रश्न कोणता, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम मूळ वस्तू पाहू. इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही धड ऐकू येत नाही. तिच्या तारांचे कंपन विजेच्या क्षीण लहरीत रूपांतरित होते आणि ती लहर मोठी करण्याचे काम ॲम्प करतो. गिब्सन कंपनीची ई-एस 150 ही गिटार 1936 साली निघाली आणि 1939 साली बेनी गुडमनच्या ताफ्यात आलेल्या चार्ली ख्रिश्चनने हे वाद्य साथीपुरते नाही, हे दाखवून दिले. त्या वेळच्या ॲम्पमध्ये जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह असत. त्यांच्यावर ताकदीबाहेर भार टाकला की लहरींचे माथे चेपले जातात आणि मूळ स्वरात नसलेले नवे उपस्वर त्यात मिसळतात. यंत्रज्ञांच्या दृष्टीने हा दोष होता. वादकांना मात्र तो आवडला. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तोच स्वर उपस्वरांनी भरून येतो. दोहोंची क्रिया वेगळी, पण साध्या स्वराला उपस्वरांची श्रीमंती येते, हे साम्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून 1952 साली बासमन नावाचा ॲम्प निघाला. तो होता बास गिटारसाठी, पण साध्या गिटारवाल्यांनीच तो उचलला. पुढे 1962 साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात त्याच आराखड्यावर जे-टी-एम 45 तयार झाला. तोवर ॲम्प हे केवळ आवाज वाढवण्याचे साधन उरले नव्हते. गिटारइतकाच तोही वाद्याचा भाग झाला होता.

अडचण येथेच सुरू होते. तो गोड बिघाड हवा तर ॲम्प मोठ्याने चालवावा लागतो. कोणी म्हणेल, 50 वॅटचा नको, 5 वॅटचा घ्या. परंतु आपले कान वॅट मोजत नाहीत. शक्ती दसपट कमी झाली की पातळी 10 डेसिबलने उतरते आणि कानाला आवाज जेमतेम निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे 50 वॅटने चाळ जागी होत असेल, तर 5 वॅटने निदान तो मजला तरी जागा होणारच.

या अडचणीतून मॉडेलर जन्मला. बोस्टन या वाद्यवृंदाचा गिटारवादक टॉम शोल्झ स्वतः अभियंता होता. त्याने 1982 साली रॉकमन हे कमरेला अडकवण्याजोगे, हेडफोनवर ऐकण्याचे यंत्र काढले. 1998 साली लाइन 6 कंपनीचे पॉड आले आणि संगणकी गणिताने ॲम्पची नक्कल करण्याची रीत घरोघर पोहोचली. त्यानंतर 2006 साली ॲक्स-एफएक्स, 2011 साली जर्मनीचा केंपर आणि 2015 साली हेलिक्स अशी मोठी यंत्रे आली.

आज नक्कल करण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत ॲम्पच्या आतील मंडलाचा एकेक भाग गणितात मांडतात. तेथे बटणे फिरवली की ती मूळ ॲम्पसारखीच वागावीत, अशी अपेक्षा असते. दुसऱ्या रीतीत खऱ्या ॲम्पमधून एक ठरावीक ध्वनी पाठवतात, बाहेर काय आले ते टिपतात आणि आत गेलेले व बाहेर आलेले यांचा संबंध यंत्राला शिकवतात. न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाची संगणकावर चालणारी मोफत प्रणाली या दुसऱ्या जातीची आहे. हिची नक्कल थक्क करणारी असते. परंतु ती बहुधा छायाचित्रासारखी असते. बटणे ज्या जागी असताना नक्कल घेतली, तेवढ्यापुरतीच ती तंतोतंत. ज्याला बटणांशी खेळत आवाज शोधावयाचा आहे त्याला पहिली रीत सोयीची; ज्याला एक ठरलेला आवाज हवा आहे त्याला दुसरी.

आता मुख्य मुद्दा. दुकानात बहुतेक जण विचारतात, “यात ॲम्प किती आहेत?” हाच तो भलता प्रश्न. हेडफोनवर मॉडेलर ऐकताना आपण खोलीत ठेवलेला ॲम्प ऐकत नसतो. मायक्रोफोन लावून मुद्रित केलेला ॲम्प ऐकत असतो. त्या साखळीत ॲम्पनंतर स्पीकर, स्पीकरची पेटी आणि मायक्रोफोन येतात. गिटारच्या स्पीकरमधून सुमारे 5,000 हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा बाहेर येत नाही. ही चाळणी काढून टाकली तर उत्तमातला उत्तम ॲम्पही डब्यात कोंडलेल्या माशीसारखा भुणभुणतो. म्हणून मॉडेलरमध्ये पेटीची एक ध्वनिछाप असते, तिला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या हिशेबाने 2,048 नमुन्यांची छाप घेतली, तर ती सुमारे 43 मिलिसेकंदांची होते. एवढीशी ही छाप, पण ती बदलली की आवाजाचे रूप बदलते. पुष्कळदा ॲम्प बदलून पडत नाही एवढा फरक पडतो. म्हणून शंभर ॲम्प देणाऱ्या यंत्रापेक्षा थोडे ॲम्प देणारे, पण बाहेरची ध्वनिछाप आत घालू देणारे यंत्र आम्ही अधिक पसंत करू. एक इशारा येथेच देतो. असे यंत्र खऱ्या गिटार-ॲम्पला जोडावयाचे असेल तर ही छाप बंद करावी. नाहीतर एकावर एक दोन पेट्या होतात आणि आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. आमची फसगत झाली ती येथेच. दुकानात दोन यंत्रे शेजारी शेजारी होती; एक थोडे मोठ्याने लावलेले होते. तेच आम्हांला भरदार वाटले आणि तेच आम्ही घेतले. घरी रात्री हळू आवाजात लावले, तर किरकिरे! दोष यंत्राचा नव्हता. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 सालीच दाखवून दिले होते की आवाज हळू झाला की कानाला खर्जाचे स्वर इतरांपेक्षा अधिक कमी ऐकू येतात. तेव्हा दोन यंत्रांची तुलना करताना पातळी सारखी ठेवावी, ती घरी वाजवता येईल इतकीच ठेवावी आणि शक्यतो आपलाच हेडफोन सोबत न्यावा. रात्री हळू आवाजात खर्ज वाढवून जुळवलेला सूर सकाळी मोठ्याने ऐकला की ढब्ब वाटतो, हेही याच कारणाने.

आता प्रत्यक्ष निवड. घरी बरा संगणक असेल तर निराळे मोठे यंत्र घेण्याची घाई करू नये. गिटार संगणकाला जोडणारा एक ऑडिओ इंटरफेस पुरतो. मात्र त्यावर गिटारसाठी वेगळे प्रवेशद्वार हवे, ज्याचा विद्युत्-अवरोध सुमारे 1 मेगओहम असतो. साध्या लाइनच्या प्रवेशद्वारात, जेथे तो 10 किलोओहमच्या आसपास असतो, गिटारचे वरचे स्वर मालवून जातात. दुसरी चिंता विलंबाची. तार छेडल्यावर आवाज येण्यास 10 मिलिसेकंद लागले, तर ते ॲम्पपासून सुमारे साडेतीन मीटर दूर उभे राहण्यासारखे आहे, कारण हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. तेवढा विलंब बहुतेक हातांना चालतो. तो बराच वाढला की हात अडखळू लागतो.

संगणकाच्या कटकटी नको असतील तर लहान स्वतंत्र मॉडेलर घ्यावा. त्याच्यापाशी चार प्रश्न विचारावेत. हेडफोनची सोय आहे काय? यूएसबीने थेट मुद्रण होते काय? बाहेरची ध्वनिछाप चालते काय? आणि रंगवलेला आवाज व गिटारचा कोरा आवाज, दोन्ही एकाच वेळी वेगवेगळे मुद्रित होतात काय? अनेक प्रवेश-निर्गम असलेली मोठी, महाग यंत्रे स्टुडिओवाल्याला किंवा रंगमंचावर वाजवणाऱ्याला शोभतात. घरच्याला एक स्वच्छ, एक किंचित फुटलेला आणि एक चांगला फुटलेला, असे तीन सूर पुरेसे होतात.

चौथा प्रश्न आम्ही सर्वांत मोलाचा मानतो. कोरा आवाज जपून ठेवला तर तो पुढे केव्हाही दुसऱ्या ॲम्पमधून, दुसऱ्या पेटीतून काढता येतो. आज घेतलेले यंत्र उद्या जुने झाले तरी वाजवलेले वाया जात नाही. शिवाय कोरा आवाज एक कडू काम करतो. फुटलेल्या आवाजाखाली झाकलेला प्रत्येक चुकार आघात, प्रत्येक अर्धवट दाबलेली तार तो उघडी पाडतो. आम्ही आमचे जुने मुद्रण असे ऐकले, तेव्हा दोष यंत्राकडे किती आणि हाताकडे किती, याचा हिशेब झाला. कपाटावरचे यंत्र आम्ही त्याच आठवड्यात खाली काढले.

कोणी म्हणेल, नक्कल ती नक्कल! यात सत्यांश आहे. खोलीत उभा असलेला ॲम्प छातीवर हवा ढकलतो, त्याच्या आवाजाने तार पुन्हा थरथरते आणि स्वर लांबतो. हेडफोनवर ते सुख नाही. ज्याच्याजवळ मोकळी खोली आणि सहनशील शेजारी आहेत त्याने खरा ॲम्प खुशाल वापरावा. परंतु मुद्रिकेवर आजवर आपण जो ॲम्प ऐकला, तोही बहुधा मायक्रोफोनमधूनच आलेला होता.

मिरजेचा तंबोरा घरी नाही म्हणून किती तरी गाणारे आज इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर रियाज करतात. तो मिरजेच्या तंबोऱ्याची जागा घेत नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. पण रियाज खंडत नाही. मॉडेलरकडेही आम्ही त्याच दृष्टीने पाहतो. ज्या घरी रात्री दहानंतर कोणाची झोप न मोडता मूल तासभर वाजवू शकते, त्या घरापुरते ते यंत्र योग्य निवडले गेले, असे समजावे.